पेंड, काकवी आणि सायप्रिनस

बाजारात ओट्यावर मांडलेले कटला, रोहू, मृगळ आणि सायप्रिनस हे चारही कार्पच्या खानदानातले. विकत घेताना आपण ताजा आहे का आणि काटे किती, एवढंच बघतो. गळानं धरायचा म्हटलं की मात्र कुणाचं तोंड कुठं वळलंय इथपासून अभ्यास सुरू होतो. गेल्या दिवाळीनंतर मी हा अभ्यास हाती घेतला आणि पावसाळा तोंडावर आला तेव्हा रॉड माळ्यावर ठेवला. मधल्या महिन्यांत जे कळलं ते लिहितोय. आपल्याकडं या विषयावर मराठीत सांगणारा माणूस भेटतो तो फक्त पाण्याच्या काठावर, आणि तोही बोलायच्या मूडमध्ये असला तरच.

नाद लागला तो मोबाईलवर इंग्लंडातल्या कार्पवाल्यांचे व्हिडिओ बघून. तिकडं हा प्रकार फार पुढं गेलाय. १९५२ साली रिचर्ड वॉकर नावाच्या माणसानं रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे वीस किलोचा कार्प धरला आणि तो मासा पुढं लंडनच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन ठेवला. हे लोक तंबू ठोकून दोन-दोन रात्री काठावर काढतात, मासा आला की गादीवर निजवतात, वजन करतात, फोटो काढतात आणि परत सोडून देतात. घरात हे सांगितल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, "मग धरतात कशाला?" उत्तर माझ्याकडंही नव्हतं. पण बघताना एक गोष्ट डोक्यात बसली होती. ते ज्याच्या मागं लागतात तो कॉमन कार्प म्हणजेच आपला सायप्रिनस.

हा मासा मूळचा आपल्याकडचा नाही. १९३९ साली त्याची एक जात सिलोनमधून निलगिरीत आणली गेली आणि १९५७ साली दुसरी बँकॉकहून कटकला. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडचे, तेही इकडं बीज सोडून वाढवलेले. त्याच १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची अंडी घालून घेतली. त्याआधी बीज मुख्यतः नदीतूनच गोळा करावं लागायचं. गावोगावच्या तळ्यांत आज जो मासा दिसतो त्याची सुरुवात तिथली. हे वाचल्यावर मला एक सोपं गणित सुचलं. मत्स्यबीज जिथं सोडलं जातं तिथं कार्प असणारच, मग नदीचं भलंमोठं पात्र धुंडाळण्यापेक्षा तळ्यापासून सुरुवात केलेली बरी.

असं तळं आमच्या कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातच सापडलं. पाझर तलाव, एका बाजूला मातीचा बांध, बाकी तिन्हीकडं ऊस. आपल्याकडचे असे तलाव बहुतेक मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, त्यामुळं काठावर जाऊन थेट गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली कणसं मोडणं. आधी संस्थेच्या सेक्रेटरींना भेटलो. त्यांच्या अटी साध्या होत्या: दिवसाची पावती फाडायची, जाळं आणायचं नाही, किलोच्या आतला मासा परत सोडायचा आणि नेणार असाल तो तोलून पैसे द्यायचे. त्यांनी पावतीबरोबर एक सल्लाही दिला, "राखणदार मामांना विचारून बसा. नाहीतर दिवसभर बसाल आणि आम्हाला शिव्या द्याल."

सामानाचं आधी सांगतो, कारण नवा माणूस सगळे पैसे तिथंच घालवतो. नऊ-दहा फुटांचा एक रॉड, ४००० किंवा ५००० नंबरचं स्पिनिंग रील, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचा तंगूस म्हणजे गळाचा नायलॉन दोरा, सहा आणि आठ नंबरचे गळ. गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे दुकानात जायच्या आधी माहीत असलेलं बरं. रॉड-रील मिळून दोन-अडीच हजारांत कामाचं सामान येतं. त्यावर घालाल तो पैसा हौसेचा. रीलमध्ये बघायची गोष्ट एकच, ड्रॅग. म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरा तुटायच्या आधी रील आपण ठरवलेल्या ताणाला दोरा सोडू लागतं, ती सोय. दुकानात रीलवरचा दोरा हातानं ओढून बघावा. झटके न देता सारखा सुटला पाहिजे.

बाकीचं मी उद्यमनगरातच जमवलं. लेथवर काम करायचा फायदा काय तर रॉड टेकवायचे टेकू आठ मिलिमीटरच्या सळईचे, वर इंग्रजी वायसारखं तोंड वाकवून, जेवणाच्या सुट्टीत तयार झाले. शेजारच्या शेडमधल्या मित्रानं शिशाची वजनं ओतून दिली. व्हिडिओतले लोक मासा लागल्याचं कळायला बॅटरीवर वाजणारं यंत्र लावतात. मी महाद्वार रोडवरनं पितळी घुंगरू आणलं आणि कपड्याच्या चिमट्यानं रॉडच्या टोकाला अडकवलं. अजून तरी त्याचे सेल संपलेले नाहीत.

आता खाद्य. इथं मला खरी गोडी लागली.

तिकडं बॉयली नावाच्या उकडलेल्या कडक गोळ्या वापरतात. त्या इथं ऑनलाइन मिळतात, पण ज्या गावात शेंगदाणा पेंड, मका, कोंडा आणि काकवी हाकेच्या अंतरावर आहे तिथं त्या मागवायच्या म्हणजे कोल्हापुरात बसून बाहेरगावचा गूळ मागवण्यासारखं. लक्ष्मीपुरीतून मका आणि पेंड आणली, काकवी पन्हाळ्याकडच्या एका गुऱ्हाळातून. हंगाम चालू होता त्यामुळं ताजी मिळाली.

मका वाळका असतो, तो तसाच टाकायचा नाही. वाळकं धान्य पाणी पिऊन फुगतं, ते माशाच्या पोटात जाऊन फुगण्यापेक्षा आपल्या बादलीत फुगलेलं चांगलं. चोवीस तास भिजवायचा, मग अर्धा तास उकळायचा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्यायचा. दाणा दोन बोटांत दाबला तर चेपला पाहिजे पण फुटला नाही पाहिजे. दोन दिवस तसाच ठेवला तर पाणी चिकट होतं आणि आंबूस वास सुटतो. मासा त्या वासाला येतो, घरातली माणसं लांब जातात. आमच्याकडं बादली जिन्याखाली हलवण्यात आली.

पेंडीची ढेप असते. ती फोडून रात्रभर भिजवली की सकाळी लगदा होतो. त्यात गव्हाचा कोंडा, मूठभर मका, थोडी भाजून कुटलेली बडीशेप आणि काकवी घालून मळायचं. मळण्यातच सगळं आहे. फार ओलं झालं तर फेकताना हवेतच उधळतं, फार घट्ट झालं तर तळाला दगडासारखं पडून राहतं. मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि पाण्यात टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटांत विरघळून पसरावा. काठावरच, पायाजवळच्या पाण्यात एक गोळा सोडून घड्याळ लावून बघायचं. मामांनी माझा पहिला गोळा हातात घेतला, हुंगला, आणि म्हणाले, "पाव्हणं, काकवी जरा कमी घाला. माशाला घालायचीय का मुंग्यांस्नी?"

गळाला काय लावायचं हा वेगळा विषय. गांडूळ लावलं की चिलापी सोडत नाही. तळहाताएवढ्या चिलाप्या एकामागून एक येतात आणि सायप्रिनसला गळापर्यंत पोचूच देत नाहीत. मक्याच्या दाण्याला त्या तेवढ्या झोंबत नाहीत. दाणा गळात टोचायचाही नाही. गळाच्या मागं बारीक दोऱ्याचं एक टोक केसासारखं लोंबतं ठेवायचं आणि दाणे त्यात ओवायचे, गळ मोकळाच राहतो. याला हेअर रिग म्हणतात. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स या दोन इंग्रजांनी तो काढला. त्यामागचं कारण माशाच्या तोंडात आहे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात. तळावरचा घास तो आधी ओढून घेतो, तोंडात घोळवतो आणि नको असेल ते बाहेर फुंकतो. दाण्यात गळ लपवला तर कडक काहीतरी लागून तो दाणाच फुंकून टाकतो. दाणा बाहेर लोंबता असला की बाहेर फुंकताना मोकळा गळ ओठात अडकतो. हे वाचून मला मनापासून आनंद झाला. कुठलीही यंत्रणा का चालते हे कळल्याशिवाय माझं हातातल्या कामात लक्ष लागत नाही.

ही तयारी झाली तरी सुरुवातीला तळ्यावरून रिकाम्या हातानंच परत यायचो. त्याचं कारण मामांनी दाखवलं. त्यांच्याकडं रॉड नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, दोन गळ. हातानं गरगर फिरवून फेकतात. मी जिथं बसायचो तिथून पन्नास पावलांवर त्यांनी शिसं टाकलं आणि दोरा माझ्या बोटावर ठेवला. "वढा बघू हळू. काय लागतंय?" ओढताना शिसं आधी जड येत होतं, चिखलात रुतल्यासारखं. मग एकदम हलकं झालं आणि बोटाला टक्‌ टक्‌ जाणवलं. मुरमाचा पट्टा. तलाव व्हायच्या आधी तिथून गाडीवाट जात होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की अजून दिसते म्हणे. मासा त्या वाटेच्या कडेनं फिरतो, असं मामांचं म्हणणं. तिथं खाद्य वर राहतं, गाळात बुडत नाही.

तेव्हापासून मी तळ्यावर गेलो की पहिला अर्धा तास गळ बांधतच नाही. नुसतं शिसं टाकायचं, पाण्याला टेकल्यापासून तळाला लागेपर्यंत मनात आकडे मोजायचे, मग हळूहळू ओढत आणायचं. मोजणी सातवरून चारवर आली म्हणजे उंचवटा. टक्‌ टक्‌ म्हणजे मुरूम, जड म्हणजे गाळ, अडकून सुटतंय म्हणजे पाणवनस्पती. एका वहीत मी बांधावरच्या बाभळीपासून पाटाच्या तोंडापर्यंतचा नकाशा काढलाय. कारखान्यात ड्रॉइंग वाचायची सवय असल्यानं असेल, पण मला यात मासा धरण्याइतकीच मजा येते. नव्या माणसाला मी एकच सांगेन: दहा तळी फिरू नका, एका तळ्याची एक बाजू धरा आणि तिचा तळ पाठ करा. महागडा रॉड घेतलेले, दर आठवड्याला नवी जागा बदलणारे आणि दर आठवड्याला "इथं मासाच नाही" म्हणणारे लोक मला काठावर बरेच भेटले.

जागा ठरली की खाद्य तिथंच, रोज शक्य नसलं तरी दोन-तीन दिवस आधीपासून. मला कामामुळं जमायचं नाही, मग मामाच संध्याकाळी चार गोळे टाकायचे. त्या बदल्यात तंबाखूची पुडी ठरलेली.

पाणी बघायलाही हळूहळू शिकलो. सायप्रिनसला तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. त्यांनी चाचपत तो तळ उकरतो, त्यामुळं वर बारीक बुडबुड्यांचा पुंजका येतो आणि तो पुंजका सरकत जातो. एकाच जागी येत राहणारे बुडबुडे नुसते गाळातल्या वायूचे. उथळ भागात पाणी अचानक गढूळ दिसलं तरी तोच. कटल्याच्या तोंडाला मिशा नसतात, तोंड वर वळलेलं असतं आणि तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला. म्हणजे तळावर मका टाकून कटल्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

थंडीत पाणी गार झालं की कार्पचं खाणं मंदावतं. त्यामुळं पहाटे पाचला उठून जाण्याचा जो पराक्रम मी डिसेंबरात केला तो फक्त धुकं बघायच्या कामी आला. दहानंतर ऊन पाण्यावर आलं की हालचाल सुरू व्हायची. उन्हाळ्यात नेमकं उलटं, सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर.

पहिला सायप्रिनस आला तो महाशिवरात्रीच्या सुमारास, भर दुपारी, मी डबा उघडून बसलेलो असताना. घुंगरू वाजलं नाही. ताणलेला दोरा एकदम ढिला पडला, बस्स. मासा काठाच्या दिशेनं आला की असं होतं. मामा लांबून ओरडले, "आरं मर्दा, उचल की!" पाव्हण्याचा मर्दा झालो तो त्या क्षणी. रॉड उचलला तशी रीलनं किरकिर दोरा सोडायला सुरुवात केली. तो ओढत असताना आपण गुंडाळायचं नाही, तो थांबला की रॉड मागं घ्यायचा आणि पुढं नेताना गुंडाळायचं. कागदावर ही एक ओळ आहे, हातात आली की खांदे बोलायला लागतात. तो दोनदा काठाजवळ येऊन परत पळाला. पाठीवरच्या लांब पराच्या सुरुवातीला त्याचा एक करवती काटा असतो, तो जाळीत अडकतो, म्हणून जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवून मासा तिच्यावर आणायचा, माशाच्या मागं जाळी घेऊन धावायचं नाही. मामांच्या काट्यावर तीन किलोला थोडा कमी भरला. पोट सोनेरी, खवले एका रांगेत बसवल्यासारखे.

मग प्रश्न आला, न्यायचा की सोडायचा. मी सोडायचं ठरवून गेलो होतो. हात ओले करून धरायचा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं औषध, कोरड्या हाताला तो निघून येतो. ओल्या फोमच्या तुकड्यावर ठेवायचा, गळ काढायचा, पाण्यात उभा धरून स्वतःहून जाईपर्यंत हात काढायचा नाही. मी हे सगळं समजावून सांगत होतो आणि मामा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की मी पगाराचं पाकीट तळ्यात टाकतोय. "खुळा हैस काय? घरात माणसं हैत न्हवं?"

माझं मत आता मधलं झालंय. हा मासा संस्थेनं पैसे घालून सोडलेला आहे, विकण्यासाठीच वाढवलाय. तो तोलून, पैसे देऊन नेण्यात मला वावगं दिसत नाही. इंग्लंडातला नियम इथं जसाच्या तसा आणून मिरवण्यात अर्थ नाही. पण पोटात अंडी असलेला आणि खूप मोठा मासा मी सोडतो. तो पहिला नेला. सायप्रिनसला गाळाचा थोडा वास असतो. आईनं त्याला मीठ-हळद चोळून, चिंचेच्या कोळात तासभर ठेवून रस्सा केला. कांदा-लसूण चटणी नेहमीपेक्षा जास्त. "धरतात कशाला" हा प्रश्न त्यानंतर घरात निघाला नाही.

नदीवरही जाऊन आलो. पंचगंगा आणि भोगावतीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की मागं पाणी संथ तुंबतं, आणि कार्पला असंच पाणी लागतं. पण तळ्याचा अभ्यास तिथं पुरत नाही. धरणातून पाणी सोडलं की पातळी चढते, काठावरच्या शेतीच्या मोटरी सुरू झाल्या की उतरते. उपसाबंदीच्या दिवसांत मोटरी बंद असतात तेव्हा पाणी स्थिर राहतं आणि मला तेच दिवस बरे वाटले. उन्हाळ्याच्या शेवटी काही ठिकाणी पाण्याला काळपट रंग आणि वास येतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाल्याची ती खूण. अशा जागी गळ टाकायचा नाही आणि तिथला मासा खायचाही नाही. आणि कृष्णा-वारणेकडं गेलात तर पाण्यात उतरून उभं राहायचा विचार सोडा, तिकडं मगरी आहेत. काठापासून दोन पावलं मागंच बसा.

जूनमध्ये बरगे काढायला सुरुवात होते. पहिल्या जोराच्या पावसाबरोबर चढणीचे मासे ओढ्यांना लागतात, लोक टोपल्या, काठ्या, जे मिळेल ते घेऊन पळतात. कटला, रोहू, मृगळ यांचा विणीचा काळ हाच, पुराच्या वाहत्या पाण्यातला. संस्थेनं तळ्याच्या पावत्या बंद केल्या आणि मीही थांबलो. नदीकडं तर प्रश्नच नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे आकडे आपल्याकडं पोराटोरांना पाठ असतात. मामांच्या मते २०१९ आणि २०२१च्या महापुरात शेततळ्यांतला बराच मासा नदीत गेला आणि आता बंधाऱ्यांच्या मागं मोठा झालाय. खरं-खोटं दिवाळीनंतर कळेल.

सध्या रील उघडून ग्रीस केलंय, तंगूस बदलायचाय, उन्हानं तो ठिसूळ होतो. पुढच्या हंगामात कटल्याच्या मागं लागायचंय. त्याला तळावरचा मका चालत नाही, वरच्या थरात तरंगणारं खाद्य लागतं, त्यासाठी फ्लोट आणि बारीक चाळलेली पेंड. मामा म्हणतात भाताचा कोंडा घाल, सेक्रेटरी म्हणतात सातूचं पीठ. दोन्ही करून बघणार. बादली अजून जिन्याखालीच आहे.